संस्थानच्या पायघड्या

माझी नात पन्हाळ्याला तालुका कचेरीत नोकरी करते आणि त्याहून मोठ्या नोकरीसाठी परीक्षा देत असते. गेली बरीच वर्षं देतेच आहे. परवा रविवारी ती जाड पुस्तकात बोट घालून माझ्याकडं आली आणि म्हणाली, आज्जी, आजूबाजूची सगळी संस्थानं आधी विलीन झाली आणि आपलं कोल्हापूरच मागनं का झालं, तू तर होतीस की तेव्हा. सगळं काही मला विचारूनच चाललं होतं, असा तिचा समज दिसला. मी म्हटलं, आधी तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. तिनं वाचून दाखवलं. संस्थान मोठं, मान मोठा, जुने करार, लांबलेल्या वाटाघाटी, अशी सगळी भारदस्त कारणं होती, आणि ती खरीच असणार, शिकलेल्या माणसांनी लिहिलेली होती. पण आमच्या घरात ते विलीनीकरण रखडलं ते पायघड्यांपायी, आणि त्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न वर्षभर अडकून पडलं. हे पेपरात लिहिलंस तर नापास होशील, असं तिला बजावलं आणि सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर तिला फोन आला आणि ती बाहेर गेली. म्हणून हे लिहून ठेवते आहे. कागदाला फोन येत नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, दरबारच्या फरासखान्यात जमादार होते. फरासखाना म्हणजे बिछायतीचं खातं. गाद्या, लोड, तक्के, गालिचे, तंबू, कनाती हे सगळं त्या खात्याकडं, आणि आबांच्या ताब्यात खास करून पायघड्या. पाहुण्याच्या पायाला माती लागू नये म्हणून जमिनीवर अंथरायच्या त्या लांबलचक पट्ट्या. आमच्या दरबारच्या लाल बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या होत्या, कडेनं जर लावलेल्या. कुणासाठी पायघडी कुठवर घालायची, यावर त्या वेळी माणसाची किंमत ठरायची. साधा इनामदार आला तर दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत. जहागीरदार आला तर बाहेरच्या पायरीपर्यंत. गोरा साहेब किंवा दुसऱ्या संस्थानचा राजा आला तर थेट गाडीच्या दारापर्यंत. एका जहागीरदाराला आबांनी एकदा चुकून पायरीच्या हातभर अलीकडं थांबवलं होतं, तर तो गडी पुढचे कित्येक दसरे दरबारात फिरकला नाही. पाहुणा पुढं चालायचा आणि आबा मागनं ओणवे होऊन पायघडी गुंडाळत यायचे, त्याच्या मागनं दुसऱ्या कुणाचा पाय तिच्यावर पडू नये म्हणून. त्यामुळं आबांनी आयुष्यात मोठमोठी माणसं बघितली ती सगळी टाचांकडून. कुणाच्या टाचेला भेगा आहेत, कुणाचा बूट आतल्या बाजूनं झिजलाय, हे त्यांना पाठ असायचं आणि ते जेवताना सांगायचे. आई म्हणायची, जेवताना नको.

मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं सामाईक अंगण. पाऊस सरला की फरासखान्यातले जुने गालिचे डागडुजीला घरी यायचे. आई दोऱ्यानं त्यांच्या कडा शिवायची आणि अक्का अंगणातल्या दोरीवर टाकून त्यांना काठीनं झोडपायची. तो धप धप आवाज आणि घड्यांतनं पडलेल्या वाळक्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास, हे माझं बालपण. सकाळी मी आणि अक्का तांब्या घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचो. गवळी म्हैस तिथंच उभी करून पिळायचा, दुधाला फेस असायचा, आणि अक्का तो फेस वाटेतच बोटानं काढून खायची. घरी आल्यावर आई तांब्यात बघून म्हणायची, आज पण म्हशीनं कमीच दिलं वाटतं. अक्का बोट पदराला पुसायची. ती मुळातच बोलायला कमी होती. लग्नाच्या वयाची झाली होती आणि थोडी त्याच्या पुढंही गेली होती.

तिला मिरजेकडचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, वडील तिकडच्या एका लहानशा संस्थानात कारकून. मुलगा बघायला आला तेव्हा आईनं भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. खर्ड्यानं मास्तरांच्या डोळ्यांतनं पाणी आलं, कान लाल झाले, पण त्यांनी खर्डा परत मागून घेतला. अक्का दाराआडून बघत होती. तिनं तेवढ्यावर पसंत केला. पुढं बैठक झाली, देण्याघेण्याचं काही फारसं नव्हतंच, दोन्ही घरं सारखीच. सुपारी फुटायच्या वेळी मात्र आबांच्या अंगात दरबार आला. मांडी सावरून ते व्याह्यांना म्हणाले, "वरात आमच्या गल्लीच्या तोंडाला आली की तिथनं मांडवापर्यंत दरबारच्या पायघड्या घालतो की न्हाय बघा. राजाला घालतो त्याच." व्याह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "घाला की." झालं. एवढ्या दोन शब्दांवर आमचं घर वर्षभर लटकलं.

सरकारी पायघडी खासगी कामाला काढायची तर वरिष्ठांची परवानगी लागायची. एरवी ती मिळाली असती, आबांची नोकरी चोख होती. पण तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि संस्थानांनी देशात यायचं, एवढंच नव्हे तर मुंबई इलाख्यात मिसळून जायचं, अशी हवा सुटलेली. आसपासची लहान संस्थानं पटापट गेली. व्याह्यांचं संस्थान तर एका दुपारी गेलं म्हणे, कचेरी सुटायच्या आत. आमचं राहिलं. आबा परवानगी मागायला गेले की वरिष्ठ म्हणायचे, आधी संस्थानचं ठरू दे. कुठं काही दुरुस्त करायचं, कुणाला बढती द्यायची, कुणाची बदली करायची, सगळ्याला उत्तर एकच, आधी संस्थानचं ठरू दे. संस्थानचं कधी ठरणार, असं विचारलं तर ते वर आकाशाकडं बघायचे. मुंबई त्या बाजूला नाही, पण माणूस बघतो.

नातीला खरं तर हेच सांगायचं होतं. जायला कुणाचाच विरोध नव्हता, निदान आमच्या पेठेत तरी. तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी चर्चा व्हायची आणि सगळे म्हणायचे, जायाचं तर हायच की. फक्त प्रत्येकाची एक अट होती. बँडवाला म्हणायचा, आधी बँडचं काय करणार ते सांगा. वकिलांना इथलं हायकोर्ट इथंच पाहिजे होतं. पैलवानांना विचारायचं होतं की बदाम, तूप आणि कोंबड्या मुंबईवाले देणार काय. हत्तीच्या माहुताची शंका अशी की मुंबईच्या साहेबाला हत्ती म्हणजे नेमकं किती खातो, याची कल्पना आहे काय. शेजारच्या गल्लीतला एक जण तर त्यांच्या नळाला पाणी येत नाही तोवर विलीन व्हायला तयार नव्हता. हसू नका. आज आमच्याकडं शहराची हद्द वाढवायचा विषय निघाला की आजूबाजूच्या गावांतली माणसं अगदी असंच बोलतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं तर माणूस आधी झोपायची जागा विचारून घेतोच.

आबांची अट लाल बनातीची होती. आई म्हणायची, साधं लग्न करून टाकू, पायघडीबिगर कुणाचं अडलंय. आबा म्हणायचे, शब्द दिलाय. एक लगीनसराई अशी गेली, मग पाऊस गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मिरजेहून व्याह्यांचा पुतण्या भडंगाची पुडी घेऊन यायचा, चहा प्यायचा, संस्थानचं कुठवर आलंय हे विचारायचा आणि जायचा. कोडोलीचा माझा मामा लग्नासाठी म्हणून गुळाच्या ढेपा ठेवून गेला होता, त्यातली एक आम्ही नुसत्या शेंगदाण्यांबरोबर संपवली. शेवटी संक्रांतीला पुतण्या आला तेव्हा पुडी नव्हती. तो उंबऱ्यातूनच म्हणाला की मास्तरांना दुसरं स्थळ सांगून आलंय, आष्ट्याकडचं, तेव्हा काय ते लवकर बघा. आईच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. अक्का उठून अंगणात गेली आणि दोरीवरच्या गालिच्याला अशी झोडपायला लागली की शेजारची म्हातारी बाहेर येऊन बघून गेली. आई म्हणाली, हळू, सरकारी हाय. अक्का थांबली नाही. मला त्या वेळी आबांचा इतका राग आला होता की ती लाल बनात चुलीत घालावी असं वाटत होतं. आजही वाटतं. मुलीचा जीव टांगणीला लावून हा माणूस जमिनीवर अंथरायच्या कापडासाठी अडून बसला होता.

आणि मग ठरलं. एकदम ठरलं, जसं वर्षभर न ठरलेलं ठरतं तसं. मुंबईहून मोठे अधिकारी येणार, समारंभ होणार आणि संस्थान मुंबईत जाणार. आबांना हुकूम आला की बिछायत नेहमीसारखी करावी. आता नेहमीसारखी म्हणजे कशी? त्या पाहुण्याला पायघडी कुठवर? तो राजा नव्हता, जहागीरदार नव्हता, गोरा साहेब तर नव्हताच. आबांनी वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं, आणि उत्तर आलं की जमादारांनी योग्य वाटेल तसं करावं. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आईनं एकदाच विचारलं, या सगळ्यात आपण पोरीकडचं का पोराकडचं. आबा म्हणाले, म्हंजे? आई म्हणाली, पोरीकडच्यांनी येशीपातूर सामोरं जायाचं असतं. शेवटी आबांनी ठरवलं की जायचंच आहे तर दिमाखात जाऊ. पायघडी गाडीच्या दारापर्यंत. राजाला घालतात तशी.

समारंभाच्या दिवशी आई, अक्का आणि मी समोरच्या घराच्या गच्चीत जाऊन बसलो होतो. खाली माणसांची ही गर्दी. बँड वाजत होता, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नव्हतं तरी वाजत होता. आबा पांढरा, जरीच्या पदराचा दरबारी फेटा बांधून पायघडीच्या टोकाशी उभे होते. गाडी आली, दार बरोबर बनातीसमोर उघडलं, त्यात आबांचा हात कुणी धरला नसता. आतनं एक बारका, खादीच्या कपड्यातला माणूस उतरला. पायात चपला, चपलांवर वाटेतली धूळ. त्यानं खाली त्या लाल बनातीकडं बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडं बघितलं. आबांना हात जोडून नमस्कार केला. आणि बनातीला वळसा घालून तो तिच्या कडेनं, मातीतून चालायला लागला.

तो मातीतून चालला म्हटल्यावर बाकीच्यांची काय छाती? त्याच्या मागचे सगळे साहेब, सरदार, मानकरी कडेनं, एका ओळीत, धोतरं आणि विजारी सावरत मातीतून निघाले. मधोमध लाल पायघडी मोकळी. आणि तिच्यावरनं आमचे आबा, एकटे, ओणवे होऊन गुंडाळत येत होते. पुढं टाचा नव्हत्या. गुंडाळायला तर पाहिजेच होतं, हुकूम होता. बँड वाजतच होता. गच्चीतल्या बायका हसल्या. आईनं तोंडाला पदर लावला, ती हसत नव्हती. मला रडू आलं, आणि राग कुठं गेला ते कळलं नाही. अक्का मात्र कठड्याला टेकून शेवटपर्यंत बघत राहिली, आबा आत दिसेनासे होईपर्यंत. मग आत भाषणं झाली, सह्या झाल्या, बाहेर पेढे वाटले. संस्थान गेलं.

आबा उन्हं उतरल्यावर घरी आले. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. आईनं आमटीभात वाढला, त्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, "पाय ठेवला न्हाय त्यानं." आई म्हणाली, साधा माणूस असंल, घाण हुईल म्हणून भ्यालं असंल. आबा पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा अक्का चुलीपुढनं उठली. पिठाचे हात तसेच. ती आबांपुढं येऊन उभी राहिली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याशी लग्नावर बोलली.

"आबा, त्यानं पाय ठेवला न्हाय, तरी संस्थान गेलंच की. मग माझंच का अडलंय?"

चुलीवरची भाकरी करपायला लागली, ती कुणी उलटली नाही. आबांनी अक्काकडं बघितलं, मग मांडीवरच्या फेट्याकडं. ताट पुढं ओढून घेतलं आणि जेवायला लागले. हात धुताना म्हणाले, सकाळच्या गाडीनं मिरजेला जातो. आणि मला म्हणाले, तू चल, एकट्यानं जायाची लाज वाटतीया. आबांना लाज वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मिरजेत व्याह्यांचं घर आमच्यापेक्षा लहान होतं. आबांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं की पायघड्या मिळणार नाहीत, संस्थानच राहिलं नाही, दिलेला शब्द पाळता येत नाही, तुमच्या मनात दुसरं स्थळ असेल तर आम्ही काही बोलणार नाही. व्याही उठले, आत जाऊन बायकोला काहीतरी सांगितलं, आणि आतनं तिचा मोठ्यानं सुस्कारा ऐकू आला. परत येऊन ते म्हणाले, "सुटलो बघा. आमच्यात एकाच्याबी पायात धड व्हाण न्हाय. राजाच्या बनातीवर कुठल्या तोंडानं चालायचं? बायकू वर्षभर झोपली न्हाय." आबांनी विचारलं, मग आष्ट्याचं स्थळ? व्याही म्हणाले, ते आम्हीच उठवलं होतं, तुम्ही घाबरून साधं लग्न कराल म्हणून. आबांचा आवाज चढला. "मग सरळ बोलला का न्हाईसा?" व्याही म्हणाले, "तुमी शब्द दिला हुता की. मोडा म्हणून कसं सांगायचं?" मग एक जण दाराकडं बघत बसले आणि एक खिडकीकडं. मास्तर शाळेतनं आले तेव्हा त्यांनी मला भडंग दिलं आणि हळूच विचारलं, ती बरी आहे का. मी म्हटलं, गालिचे झोडपते. ते म्हणाले, बरं.

लग्न आमच्या अंगणात झालं. मांडवात शेजाऱ्यांच्या घोंगड्या अंथरल्या. बुंदी, भात, वांग्याची भाजी आणि कटाची आमटी, मामाच्या उरलेल्या गुळासकट. वरात मिरजेच्या गाडीनं आली आणि स्टेशनावरनं गल्लीतनं चालत, पाय आपटत, आपापल्या वहाणांत आली. पायघड्यांची आठवण एकालाही झाली नाही. त्याआधीच आबांना नव्या कचेरीत घेतलं होतं, सभेच्या खुर्च्या लावायला. खुर्चीत कोण बसणार याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. ते म्हणायचे, बरं हाय, कंबर दुखत न्हाय.

पाठवणीच्या वेळी टांगा अंगणाच्या तोंडाशी उभा होता. अक्का आईच्या गळ्यातनं सुटून दाराशी आली, तेवढ्यात आबा पुढं झाले. त्यांनी डोक्याचा पांढरा फेटा उलगडला आणि उंबऱ्यापासून अंथरायला सुरुवात केली, सुरकुती न पडू देता, दरबारात अंथरायचे तसा. सगळे बघत राहिले. कुणीतरी बाई म्हणाली, अगं बाई, डोक्याचा फेटा लेकीच्या पायाखाली? फरासखान्यातले आबांचे एक जुने सोबती आले होते, ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "जमादार, पायघडी येणाऱ्याला असती. जाणाऱ्याला न्हाय." आबा म्हणाले, "म्हाईत हाय." फेटा टांग्याच्या थोडा अलीकडंच संपला. आबांनी टांगेवाल्याला टांगा मागं घ्यायला लावला.

अक्का उंबऱ्यात थांबली. मला वाटलं, ही पण आता कडेनं जाणार, त्या मुंबईच्या माणसासारखी. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण दोन्हीकडची माणसं मागं सरली. अक्कानं वाकून पायातल्या नव्या वहाणा काढल्या, माझ्या हातात दिल्या, आणि पहिलं पाऊल फेट्यावर ठेवलं. पायांना हळद होती, अंगण सकाळीच सारवलेलं होतं. ती घाई न करता, पूर्ण पाय टेकत चालत गेली. मागनं आबा ओणवे होऊन गुंडाळत आले. टांग्यापाशी फेटा संपला तरी आबा तसेच वाकलेले, गुंडाळी छातीशी धरून. त्यांना वर बघवत नव्हतं. टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवून अक्का वळली आणि म्हणाली, "आबा, उठा आता. झालं."

आबा उठले. टांगा गेला. दुसऱ्या दिवशी आईनं धुण्यासाठी फेटा मागितला, तर आबा म्हणाले, राहू दे. तो त्यांनी पुन्हा डोक्याला बांधला नाही, शेवटपर्यंत टोपी घालून कचेरीत गेले. आई गेल्यावर तो माझ्याकडं आला. माझ्या ट्रंकेत आहे, कडुलिंबाचा पाला घालून. हळद अजून गेलेली नाही.